पुढचं वाच

वर्षाराणी सेमिनरीच्या फाटकातून आत आली, तेव्हा हन्ना समुद्रे दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला हिब्रू क्रियापदं शिकवत होत्या. हिब्रूतला शब्द तीन अक्षरांवर उभा असतो, तीन दगडांवर चूल उभी असते तसा. एक दगड सरकला की वरचं सगळं सांडलं, हे वाक्य त्या गेली तीस वर्षं प्रत्येक तुकडीला ऐकवत आल्या होत्या. आजही पोरं हसली. तेवढ्यात बाईंची नजर खिडकीबाहेर गेली. आवारात एक बाई उभी होती. एका हाताला लहान मुलगी. दुसरा हात कोपरापर्यंत प्लास्टरात.

"घोकत बसा," असं वर्गाला सांगून त्या बाहेर आल्या.

वर्षाराणीला त्या चांगल्या ओळखत होत्या. सेमिनरीच्या मागच्या बाजूला लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी खोल्या होत्या, तिथं ती चार वर्षं राहिली होती. तिचा नवरा यशराज लोखंडे तेव्हा इथं शिकत होता. कोल्हापुरातल्या या छोट्या सेमिनरीत खेड्यापाड्यांतून पोरं येत आणि पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होऊन आपापल्या मंडळ्यांत जात. जुना करार मूळ भाषेत वाचायची हौस त्यांतल्या थोड्यांनाच. यशराजला होती. पहाटे उठून तो धातू पाठ करायचा, वर्ग सुटला की शंका विचारत हन्नाबाईंच्या घराच्या दारापर्यंत यायचा. असा विद्यार्थी पुन्हा मिळाला नाही, असं त्या चारचौघांत अभिमानानं सांगायच्या. आता तो कागलजवळच्या एका मंडळीचा पाळक होता.

"काय झालं गं हाताला?"

"मॅडम, एक विचारायचं हुतं." वर्षाराणी पदरानं मुलीचं नाक पुसत राहिली. "देवाला काडीमोडाचा तिटकारा हाय, असं वचन हाय न्हवं? ते खरंच तसंच हाय का?"

"आधी हाताचं सांग."

"पडले." मग मुलगी जरा लांब गेल्यावर ती म्हणाली, "पाडलं."

हन्नाबाईंनी तिला आवारातल्याच आपल्या घरी नेलं, चहा दिला, मुलीला, तबिथाला, बिस्किटं दिली. वर्षाराणी बोलू लागली तेव्हा ती रडत नव्हती. मारणं तिसऱ्या वर्षापासून सुरू झालं होतं, इथं सेमिनरीत असतानाच. इथं होता तेव्हा फक्त हातानं. तिकडं पाळकाचं घर मळ्यात एका बाजूला, मग पट्टा आला, आणि गेल्या आठवड्यात बसायचं लाकडी पिढं.

"मारून झालं की हात धुत्यात आणि पुस्तक उघडत्यात. ते वचन आधी हिब्रूत वाचत्यात, मग मराठीत. म्हणत्यात, मॅडमनीच शिकवलंय. मूळ भाषेत असंच हाय, घर सोडलंस तर देव तुझा तिटकारा करील. मी म्हटलं, एकदा जाऊन मॅडमनाच विचारावं. त्यांनी व्हय म्हटलं तर जाईन परत."

हन्नाबाई तापट म्हणून सगळ्यांना ठाऊक होत्या. गृहपाठ न करणाऱ्याच्या अंगावर खडू येई आणि पाच मिनिटांत त्या त्यालाच चहा पाजत. पण आता मस्तकात जी सणक उठली ती निराळी होती. इथून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर हा माणूस बायकोला मारत होता आणि सकाळी वर्गात पहिल्या बाकावर बसून धातू म्हणून दाखवत होता. आणि आता तो त्यांचं नाव घेऊन मारत होता.

"नीट ऐक," त्या म्हणाल्या. आवाज त्यांनी मुद्दाम खाली ठेवला. "ज्या संदेष्ट्याचं ते वचन आहे, तो बायकांशी बोलतच नाहीये. तो पुरुषांना झापतोय. तरुणपणी केलेली बायको टाकून देताय म्हणून झापतोय. आणि मुळात त्या वाक्यात 'मी तिटकारा करतो' असंही नाही. 'तो' आहे. तिटकारा येऊन बायकोला जो टाकतो, तो आपले कपडे जुलमानं माखून घेतो, असं ते वाक्य आहे. यशराजला हे पाठ आहे. परीक्षेत लिहिलंय त्यानं. पैकीच्या पैकी मार्क दिलेत मी."

वर्षाराणीनं कपबशी खाली ठेवली.

"म्हंजे त्यास्नी ठावं हाय," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"मग मी जात न्हाय."

त्याच दुपारी हन्नाबाई प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. सयाजी भंडारे त्यांच्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी लहान. दोघं बंगळुरूला एकत्र शिकलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, दार लोटून घेतलं.

"हन्नाताई, वाईट झालं. फार वाईट. पण हा कागलकडच्या मंडळीचा प्रश्न आहे. आपण मध्ये कसे पडणार?"

"तो आपण घडवलेला पाळक आहे."

"खरंय. पण पोलिसांत वगैरे नको. दिवस बघा कसले आहेत. गेल्या महिन्यात प्रार्थनेच्या घरी येऊन बाहेरच्या दहा जणांनी विचारलं, कोण येतं, कशाला येतं. पाळकानंच बायकोला मारलं म्हटल्यावर हे लोक काय करतील? पेपरात येईल, मोबाइलवर फिरेल. टपूनच बसलेत सगळे. चार पिढ्यांची अब्रू आहे ताई."

"तिचा हात मोडलाय, सयाजी. अब्रूला प्लास्टर घालता येत नाही म्हणून तिनं गप्प बसायचं?"

"मी तसं कुठं म्हणतोय? शनिवारी समिती बसवतो. दोघांनाही बोलावतो. तुम्ही वचनातून मार्गदर्शन करा. तुमचा शब्द सगळे मानतात."

बाहेरच्यांची भीती खोटी नव्हती, हे हन्नाबाईंना कळत होतं, आणि म्हणूनच त्यांचा जास्त संताप झाला. खरी भीती पुढं करून इतकी सोयीची गोष्ट साधता येते, हे त्या पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यशराज आला. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, हातात द्राक्षांची पेटी.

"सलाम, मॅडम."

बाईंनी सलाम घेतला नाही. आतल्या खोलीत वर्षाराणीनं मुलीला जवळ ओढून कडी लावल्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला.

"ती रागाच्या भरात निघून आलीय," यशराज व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसत म्हणाला. "तुमच्याकडं आली हे बरं झालं. तुम्ही समजावलंत तर ऐकेल. वचन तर स्पष्टच आहे."

हन्नाबाईंनी टेबलावरचं हिब्रू पुस्तक उघडलं, पान काढलं आणि त्याच्यापुढं सरकवलं.

"वाच."

त्यानं वाचलं. उच्चार स्वच्छ, प्रत्येक स्वर जागच्या जागी. ऐकताना बाईंना एक क्षण जुना आनंद झाला आणि त्या आनंदाचीच त्यांना किळस आली. वाक्याच्या मध्यावर येऊन तो थांबला.

"पुढचं वाच."

"पुढचा भाग जरा अवघड आहे, मॅडम. पाठभेद आहेत."

"पाठभेद मीच शिकवलेत तुला. पुढचं वाच, यशराज."

त्यानं पुस्तक मिटलं. हसला. "हे संसारातलं असतं, मॅडम. भांड्याला भांडं लागतं. तुमचं लग्न झालेलं नाही, त्यामुळं तुम्हाला..."

"ऊठ."

"मॅडम, मी तुमचा आदर करतो म्हणून..."

"ऊठ म्हणते न्हवं!" हन्नाबाईंच्या तोंडी एकदम लहानपणची बोली आली. "उचल ती पेटी आणि हो भायेर. माझ्या दारात वचन सांगतोस व्हय रं? लाज न्हाय वाटत?"

तो उठला. पेटी त्यानं तिथंच ठेवली होती. बाईंनी ती उचलून त्याच्या छातीवर आदळली तेव्हा त्याला ती धरावीच लागली. पायऱ्या उतरताना त्याचा चेहरा वेगळाच झाला होता.

"तिला सांगा," तो हळू म्हणाला, "पोरगी माझी आहे."

शनिवारी सेमिनरीच्या सभागृहात समिती बसली. भंडारे, कागलकडच्या मंडळीचे पाच वडील, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे ज्येष्ठ, आणि बायकांची प्रतिनिधी म्हणून बायडाबाई, एका जुन्या वडिलांची विधवा. वडिलांमध्ये मुख्य आकाराम. साखर कारखान्यात आयुष्य घालवलेला, कुणाच्या अडीअडचणीला धावून जाणारा माणूस. वर्षाराणीला दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं आणि डॉक्टरांना 'पाय घसरून पडली' असंही त्यांनीच सांगितलं होतं.

हन्नाबाईंनी वचन वाचलं, पूर्ण. आधी हिब्रू, मग मराठी. शब्द न् शब्द फोडून सांगितला. कोण बोलतोय, कुणाला बोलतोय, जुलूम कुणाच्या कपड्यांवर आहे. बोलणं झाल्यावर सभागृहात कुणी खोकलं, कुणी खुर्ची मागं सारली.

मग यशराज उभा राहिला आणि रडू लागला. मी माणूस आहे, म्हणाला. सैतानानं मला गाठलं. समितीपुढं, देवापुढं मी कबूल करतो, मला क्षमा करा. तो गुडघे टेकून बसला. आकारामांचे डोळे भरून आले. त्यांनी जाऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला. एकानं "हालेलुया" म्हटलं. भंडाऱ्यांनी मोठा श्वास सोडला आणि वर्षाराणीकडं वळून म्हणाले, "बाळ, किती वेळा क्षमा करायची, ते प्रभूनं सांगून ठेवलंय. आता तुझी पाळी."

"आमी काय कमी सोसलं?" बायडाबाई म्हणाली. "आमचा मालक तर चाबकानं हाणायचा. पण घर मोडलं न्हाय मी."

हन्नाबाई उठल्या.

"त्यानं माफी कुणाची मागितली?" त्यांनी विचारलं. "मी बघत हुते. सयाजीची मागितली. आकारामांची मागितली. देवाची मागितली. जिचा हात मोडला ती ही हितं बसलीया. तिच्याकडं त्यानं एकदा तरी मान वळवून बघितलं का? आणि तुम्ही हालेलुया म्हणताय! बायडाबाई, तुमाला चाबकानं मारलं, तवा या मंडळीतलं कोण आलं हुतं तुमच्या घरी? कोण न्हाय. मग हिच्या घरी कोण जाईल?"

बायडाबाईनं पदर तोंडावर घेतला आणि शेवटपर्यंत काढला नाही.

"हन्नाताई, संयम," भंडारे म्हणाले.

"संयम तिनं सहा वर्षं केला. आता तुम्ही लाज धरा."

तेव्हा वर्षाराणी उभी राहिली. "माफ करायचं का न्हाय, ते माझं मी बघीन. नांदायला मी जाणार न्हाय. माझं शिलाई मशीन तेवढं आणून द्या. आईनं दिलंय ते."

समितीनं ठराव लिहिला की पतिपत्नीनं प्रार्थनापूर्वक समेट करावा. हन्नाबाईंनी सही केली नाही. शिलाई मशीनचा ठरावात उल्लेख नव्हता.

सोमवारी दोघी पोलीस ठाण्यात गेल्या. बाजारहाट आणि दवाखान्यासाठी बाई नेहमी मौलाची रिक्षा बोलवत. आज त्यानं कुठं जायचं ते ऐकलं, आरशातून मागं बघितलं आणि रिक्षा काढली. ठाण्यासमोर उतरताना म्हणाला, "बाई, आमच्यात बी हेच चालतंय. मेव्हण्यानं बहिणीला जाळायला काढलं, तर जमातीतली मोठी माणसं म्हणाली, भायेर बोलू नका, आधीच लोक आपल्यावर टपल्यात. भायेरच्याची भीती घालायची आणि घरातल्या बाईचं तोंड दाबायचं." तो भाडं न घेताच बाजूला थांबला. "मी हितंच हाय. किती बी येळ लागू दे."

वेळ लागला. हवालदारानं आधी समजावून बघितलं, मग साहेब नाहीत म्हणून बसवून ठेवलं. बातमी कशी फुटली कोण जाणे, पण दुपारी दोन तरुण आले, मोबाइल हातात, कपाळावर गंध. फार आदरानं बोलले. ताई, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. या पाद्र्याला सोडायचा नाही. फक्त एवढंच लिहून द्या की तो लोकांना पैसे देऊन धर्म बदलायला लावतो.

भंडारे ज्याला घाबरत होते ते समोर उभं होतं. हन्नाबाई पुढं झाल्या. त्या काही बोलायच्या आत वर्षाराणी म्हणाली, "दादा, त्यानं माझा हात मोडलाय. मी तेवढंच सांगायला आलीया. जे झालं न्हाय ते मी लिवणार न्हाय."

"अहो, पण केस मजबूत होईल."

"माझी केस मजबूतच हाय. ह्यो बघा हात. तुमास्नी माझा हात दिसंना झालाय व्हय?" मग हवालदाराकडं वळून ती म्हणाली, "साहेब, लिवा. नायतर मी हितंच बसती रातभर, पोरीला घिऊन."

तक्रार नोंदवली गेली. परतताना हन्नाबाईंनी तिच्याकडं बघितलं. ही मुलगी चार वर्षं त्यांच्या घरामागं राहिली आणि त्यांनी कधी तिला 'कशी आहेस' पलीकडं काही विचारलं नव्हतं. सगळं कौतुक नवऱ्याच्या व्याकरणाचं.

वर्षाराणी कसबा बावड्याला आईकडं राहू लागली. हात सांधला, पण मनगट पूर्ण वळेना. मशीन मिळालं नाही. मौलाच्या बायकोनं आपलं जुनं दिलं. खटला तारखांवर तारखा घेत राहिला. वर्तमानपत्रात कोपऱ्यात चार ओळी आल्या आणि विरून गेल्या. आकाश कोसळलं नाही. पण आवारात हन्नाबाईंशी लोक तुटक बोलू लागले. उपासनेत त्यांच्या बाकावर जागा रिकामी राहू लागली.

एप्रिलमध्ये त्या निवृत्त व्हायच्या होत्या. सोहळा मोठा केला होता. मांडव, फुलं, जुने विद्यार्थी, जेवणाला पुलाव. भाषणं झाली. तीस वर्षांत शिकवलेल्या पाळकांची नावं घेतली गेली. बाई व्यासपीठावर बसून होत्या आणि आज भांडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. दमल्या होत्या.

शेवटी भंडारे माइकवर आले. "हन्नाताईंची खुर्ची रिकामी राहणार नाही, हे सांगायला मला आनंद होतो. संचालक मंडळानं हिब्रू आणि जुन्या करारासाठी त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या विद्यार्थ्याची नेमणूक केली आहे. गुरूला शाल शिष्यानंच पांघरवावी."

पहिल्या रांगेतून यशराज उठला.

शाल दोन्ही हातांवर धरून तो पायऱ्या चढला. पांढरा शर्ट, मान लवलेली. टाळ्या वाजत होत्या. शाल खांद्याला लागली आणि हन्नाबाईंना उमगलं की या लोकांनी सगळा हिशोब जमवला आहे: मंडळीत ठेवणं अडचणीचं झालं, म्हणून त्याला इथं आणला, इथं मुली शिकतात, विवाहितांच्या खोल्या आहेत, आणि वर त्यांच्या हातून आशीर्वाद. एवढी पुस्तकं वाचून, एवढ्या प्रार्थना करून माणसं हे करू शकतात.

त्यांनी शाल खांद्यावरून काढून खाली टाकली आणि त्या माइकच्या दिशेनं गेल्या.

"हा माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी," त्या म्हणाल्या. टाळ्या थांबल्या. "ह्यानं पिढ्यानं बायकोचा हात मोडला. मोडल्यावर तिला हिब्रू वाचून दाखवलं. अर्धं वाक्य. पुढचं अर्धं ह्याला येत नाही असं नाही. चांगलं येतं. मी स्वतः शिकवलंय. ह्याच्यावर खटला चालू आहे आणि तुम्ही ह्याला माझ्या..."

माइक बंद झाला. कुणीतरी बटण दाबलं होतं. हन्नाबाईंनी माइक बाजूला सारला. त्यांचा आवाज मांडवाच्या टोकापर्यंत जायला माइकची गरज नव्हती.

"बंद करा! माइक बंद करा, तोंडं बंद करा, डोळे बंद करा! तुमाला बंद करणं तेवढं येतं. मी तीस वर्षं हितं तुमाला वाचायला शिकवलं. वाचायला! आणि तुम्ही काय शिकला? कुठं थांबायचं तेवढं शिकला!"

भंडारे "ताई, ताई" करत पुढं आले. यशराज गालिच्यावरची शाल उचलून घड्या घालत होता, जणू काही झालंच नाही. तेव्हा मुलींच्या रांगेतून संयोगिता उभी राहिली. शेवटच्या वर्षाची, आजऱ्याकडची, वर्गात कधी तोंड न उघडणारी.

"सर," ती यशराजला म्हणाली, "मॅडम म्हणत्यात ते खरं हाय का?"

"ही घरगुती बाब आहे."

"खरं हाय का न्हाय, एवढंच विचारतीया."

त्यानं शालीची आणखी एक घडी घातली. संयोगिता तशीच उभी राहिली. मग तिच्या शेजारची उठली, मग तिच्या मागची. मुली मांडवातून बाहेर पडल्या. काही मुलगेही गेले. बरेचसे बसून राहिले आणि थोड्या वेळानं पुलाव वाढायला घेतला.

जूनमध्ये सेमिनरी उघडली, तेव्हा एकही मुलगी यशराजच्या वर्गात बसेना. संचालक मंडळानं दोन बैठका घेतल्या आणि मार्ग काढला. त्याला काढलं नाही. गारगोटीपलीकडच्या एका लहान मंडळीत पाळक म्हणून पाठवलं. हे हन्नाबाईंना संयोगितेनं फोन करून सांगितलं. बाई तेव्हा शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होत्या, पुस्तकांचे खोके अजून सोडले नव्हते.

"तिथल्या लोकांना माहिती आहे का?"

"कोण सांगणार, मॅडम?"

रविवारी हन्नाबाई पहाटेच्या एस्टीनं गेल्या. मंडळीचं उपासना मंदिर छोटं, कौलारू. उपासना सुरू झालेली. त्या चपला काढून आत शिरल्या आणि बायकांच्या बाजूला सगळ्यात पुढं सतरंजीवर बसल्या. यशराजनं त्यांना बघितलं. त्याचा आवाज एकदा अडखळला, मग सुरळीत झाला. उपदेश चांगला होता, गरिबांवर, दयेवर. बाईंना तो ऐकवत नव्हता. तरी त्या शेवटपर्यंत बसल्या.

उपासना सुटल्यावर बायका अंगणात थांबल्या, पाहुणी कोण म्हणून बघत. हन्नाबाई पायरीवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी सांगून टाकलं. तिखटमीठ न लावता. नाव, गाव, हात, पिढं, समिती, खटला. तक्रारीची प्रत पिशवीत होती, ती जिनं मागितली तिला दाखवली.

एक म्हातारी म्हणाली, "देवमाणसाबद्दल असं बोलू नये." दुसरी तरातरा निघून गेली. एक तरुण बाई मात्र हलली नाही. तिच्या दोन मुली रोज संध्याकाळी पाळकाच्या घरी शिकवणीला जात होत्या.

"आमास्नी कुणी का सांगितलं न्हाय?" ती म्हणाली. सुरुवातीला हळू, मग तिचा आवाज चढला. "त्या कोल्लापूरच्यास्नी ठावं हुतं न्हवं? समद्यास्नी ठावं हुतं! मग आमच्या गळ्यात का बांधलं? आमी खेड्यातली, म्हणून? आमच्या पोरी काय रस्त्यावर पडल्यात?"

ती वळली आणि सरळ मंदिरात शिरली, जिथं यशराज वडिलांशी बोलत उभा होता. तिच्या मागून आणखी तिघी गेल्या. आतून चढ्या आवाजातली बोलाचाली ऐकू येऊ लागली. बायकांचे आवाज, मग पुरुषांचे, मग पुन्हा बायकांचे.

मंडळीचे एक वडील घाईघाईनं बाहेर आले. घामाघूम झाले होते. "बाई, तुमी आता जावा. गावात फूट पडंल. झालं तेवढं बास झालं."

"एस्टीला येळ हाय," हन्नाबाई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. "तवर मी हितंच हाय. आत काय इचारत्यात, त्यास्नी पुरतं इचारू द्या."